चार बोटं

पास झालेय. हे आधी सांगते,
कारण घरीही तेवढंच सांगितलंय.
गणित-दोन, ग्रेड सी.
आईने देवापुढे साखर ठेवली,
मुंग्या आल्या,
प्रकरण मिटलं.

पण पुढच्या सेमिस्टरला कंट्रोल सिस्टिम्स आहे
आणि त्याच्या पहिल्याच धड्यात
लाप्लास बसलाय पाय पसरून,
ज्याला मी परीक्षेत
‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’च्या आडोशाने
सोडून आले होते.
सोडवा आणि सोडा,
एका अक्षराचा तर फरक.

खिडकी नंबर दोनवर लाडसाहेब.
श्रेणीसुधार फॉर्म, अठराशे रुपये, शुक्रवार शेवटचा.
“नापास आहेस?”
“नाही.”
“मग?”
या ‘मग’ला माझ्याकडे काही नव्हतं.
मागे रांग होती खऱ्या नापासांची,
मला भरल्या पोटी पंगतीत घुसल्यासारखं झालं.
बाजूला झाले.

निनाद तांडेल म्हणतो, वेड लागलंय तुला.
नवा ग्रेड येईल तोच धरणार,
जुना सी पुसणार,
आणि डी आला तर?
कंपनीवाले बेरीज बघतात गं,
बेरजेच्या आत कोण डोकावतंय.
खरं आहे त्याचं. नेहमीच असतं.

कुरियन मॅडमनी काही सांगितलं नाही.
फळ्यावर एक गणित लिहिलं, साधंसं,
खडू माझ्या हातात दिला.
पहिली ओळ आली. दुसरी आली.
तिसऱ्या ओळीला
हात फळ्यावर नुसता टेकून राहिला.
मॅडमनी स्वतः डस्टर घेतला,
आणि विचारलं, डबा खाल्लास का?

संध्याकाळी नेरुळला, सेक्टर वीसमध्ये,
मी आठवीच्या दोघींची शिकवणी घेते.
त्यातली इरा विचारते,
ताई, मायनस मायनस प्लस का होतं?
मी म्हणाले, असंच असतं.
तिने वहीत लिहूनही घेतलं,
असंच असतं,
खाली पट्टीने रेघ मारून.

आमच्या इमारतीची लिफ्ट
तिसऱ्या मजल्याच्या चार बोटं खाली थांबते.
सिलिंडरवालाही आता न बघता उचलून ठेवतो.
पाहुणे तेवढे ठेचकाळतात,
मग आम्ही आतून ओरडतो, सांभाळून!
बाबा बेलापूरच्या काचेच्या ऑफिसांतल्या
लिफ्ट दुरुस्त करतात.
ही त्यांच्या कंपनीची नाही.
बुधवारी रात्री, दोघंच वर येत असताना,
मी विचारलं, ही का कोणी नीट करत नाही?
ते म्हणाले, चालतेय ना, म्हणून.
बंद पडली असती तर
एका दिवसात झाली असती.
ब्रेकचा पट्टा झिजलाय, एवढंच आहे.
आणि चपला काढून आत गेले.
ते लिफ्टबद्दलच बोलत होते.
सी त्यांना माहीत नाही.

रात्रभर मी अठराशेचे हिशेब केले,
शिकवणीचा दीड महिना,
जुलैतली ती सहल,
आणि परत त्याच बाकावर
ज्युनिअर पोरांमध्ये बसलेली मी,
ज्यांना वाटणार, ही नापास.
सांगत फिरू का प्रत्येकाला?

शुक्रवारी फॉर्ममध्ये एक रकाना होता: कारण.
मी लिहिलं,
तिसऱ्या ओळीला अडकते.
लाडसाहेबांनी चष्मा वर केला,
असं कारण यादीत नाही, म्हणाले,
खोडून ‘वैयक्तिक’ लिहिलं
आणि शिक्का मारला,
जरा वाकडाच.

पावती बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे.
घरी अजून बोलले नाही.
तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली
तेव्हा पाय आपोआप उचलला गेला,
बरोब्बर चार बोटं,
आणि मला स्वतःचाच थोडा राग आला.

सोमवारी इराला सांगायचंय
ती ओळ खोड म्हणून.
तिच्या जागी काय लिहायचं
ते अजून
मला कुठे येतंय.